टँकरवरचा ‘इन’

ठाण्याहून वाशीकडे निघालेली एनएमएमटीची बस रबाळ्याच्या अलीकडे अडकून पडली होती. पावसाची एक सर नुकतीच येऊन गेलेली. खिडकीच्या काचेवर ओघळ, आत ओल्या छत्र्यांचा कोंदट वास, आणि त्यात बाहेरून मिसळणारा एमआयडीसीचा तो गोडसर, नाकात चुरचुरणारा वास. नेलपॉलिशची बाटली उघडी राहिली की येतो तसा. शेजारच्या लेनमध्ये एक टँकर उभा होता, इतका जवळ की खिडकीतून हात काढला तर लागावा. पुढच्या सीटवर एक आजी आणि सहावी-सातवीतली नात. आजीने विचारलं, “काय गं लिहिलंय त्याच्यावर एवढ्या मोठ्या लाल अक्षरांत?” नातीने एकेक अक्षर जुळवत वाचलं, “हायली इनफ्लेमेबल.” मग शाळेत शिकवल्यासारखं समजावूनही सांगितलं. “फ्लेम म्हणजे ज्वाला. आणि इन म्हणजे नाही. इनकम्प्लीट म्हणजे अपूर्ण, इनव्हिजिबल म्हणजे अदृश्य. तसं हे. अजिबात न पेटणारं.” आजी म्हणाली, “बरं आहे बाई,” आणि खिडकीचा गज घट्ट धरलेला हात सैल केला. तेवढ्यात गाड्या हलल्या, टँकर महापेच्या दिशेने वळला. त्याच्या मागे एक पाटी होती, चिखलाने अर्धी माखलेली. ती दोघींनीही पाहिली नाही.

मुलीचं व्याकरण चुकलं नव्हतं, आणि तेच मनातून जात नाही.

तिने नियम लावला, उदाहरणं दिली, निष्कर्ष काढला. चूक आहे ती शब्दात, आणि ती फार जुनी आहे. लॅटिनमध्ये दोन वेगवेगळे ‘इन’ होते. एक नकाराचा. तो आपल्या ‘अ’ आणि ‘अन्’चा सख्खा भाऊबंद, ‘असत्य’, ‘अनादर’ या शब्दांत जो बसला आहे, तोच युरोपात जाऊन ‘इन’ झाला, असं भाषांचे अभ्यासक मानतात. दुसरा ‘इन’ म्हणजे ‘आत’, ‘च्यामध्ये’. ‘इनफ्लेमेबल’मध्ये हा दुसरा आहे. ज्याच्यात ज्वाला शिरू शकते, जे पेटवता येतं, ते इनफ्लेमेबल. दोघांचा उच्चार एक, लिखाण एक. शब्दाकडे नुसतं बघून कोणता ‘इन’ समोर आहे ते ओळखायची सोय नाही. इंग्रजीत ‘इनफ्लेमेबल’ सतराव्या शतकाच्या आरंभापासून आहे, आणि ‘फ्लेमेबल’ छापलेला सापडतो तो 1813 सालचा. म्हणजे ज्याला आपण मूळ शब्द समजतो तो दोनशे वर्षांनी धाकटा. दोन्हींचा अर्थ मात्र एकच: सहज पेट घेणारं.

मराठी माणसाला याचं एवढं नवल वाटायचं कारण नाही. आपल्याकडे ‘निर्दोष’ म्हणजे दोष नसलेला, ‘निर्जन’ म्हणजे जन नसलेला. पण ‘निर्माण’ किंवा ‘निर्णय’ ऐकून कशाचा अभाव आहे असं कोणी विचारत नाही. ‘विफल’मध्ये फळ हरवतं, ‘विज्ञाना’त मात्र ज्ञान हरवत नाही, उलट नेमकं होतं. ‘अमूल्य’ म्हणजे कवडीमोल नव्हे, किंमत करता येणार नाही इतकं मोलाचं. इंग्रजीतला ‘इनव्हॅल्युएबल’ याच चालीचा, आणि तोही परीक्षेत मुलांना हमखास फसवतो. संस्कृतातला ‘अनुत्तम’ तर यांच्यातला सगळ्यात सुंदर. दिसायला ‘उत्तम नसलेला’, पण अर्थ ‘ज्याहून उत्तम दुसरं काही नाही तो’. पण हे शब्द आपण फोड करून शिकलेलो नसतो. ते कानावरून येतात, घरात वापरले जातात, अख्खेच्या अख्खे अंगवळणी पडतात. परकी भाषा शिकताना ती चैन नसते. तिथे उपसर्गाचा नियम हातात धरूनच चालावं लागतं, आणि नियमाचा अपवाद नेमका पेट्रोलच्या टँकरवर रंगवलेला असतो.

अमेरिकेतल्या नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशनने 1920 च्या दशकातच आग्रह धरला, की धोक्याच्या पाटीवर ‘इनफ्लेमेबल’ नको, ‘फ्लेमेबल’च लिहा. व्याकरणाच्या काही जाणकारांना ‘फ्लेमेबल’ हे ओबडधोबड रूप वाटे. पण पाटी पंडितांसाठी नसते. आज मालवाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय वर्गवारीत सगळीकडे ‘फ्लेमेबल’ आहे, आणि न पेटणाऱ्या वायूंसाठी ‘नॉन-फ्लेमेबल’. तरी ठाणे-बेलापूर रस्त्यावर तासभर उभं राहिलं तर टँकरच्या पाठीवर ‘हायली इनफ्लेमेबल’ अजून सर्रास दिसतं. नवा टँकर रंगवायला येतो तेव्हा जुन्यावरची अक्षरं जशीच्या तशी उतरवली जातात. त्या मुलीच्या हिशेबात आता ‘इनफ्लेमेबल’ आणि ‘नॉन-फ्लेमेबल’ एकाच बाजूला बसले आहेत. प्रत्यक्षात एकावर पेट्रोल आहे आणि दुसऱ्यावर कार्बन डायऑक्साइड.

याच पट्ट्यातल्या कारखान्यांत दोन्ही ‘इन’ एकमेकांना चिकटून नांदतात. साठवणुकीच्या टाकीत टोल्युइनसारखं सॉल्व्हंट, म्हणजे दुसरे पदार्थ विरघळवणारा द्रव, असतं, तेच ‘इनफ्लेमेबल लिक्विड’. द्रवाच्या वर जी मोकळी जागा उरते तिथे हवा राहू नये म्हणून नायट्रोजन सोडतात. तो ‘इनर्ट गॅस’. या ‘इनर्ट’मधला इन नकाराचा: काही न करणारा, निष्क्रिय. हवेत प्राणवायू सुमारे 21 टक्के असतो. तो साधारण 10 टक्क्यांच्या आसपास खाली आला की बहुतेक सॉल्व्हंटांच्या वाफा ठिणगी पडली तरी पेटत नाहीत. काम करताना सुरक्षिततेसाठी तो त्याहूनही बराच खाली ठेवतात. म्हणजे एकाच टाकीच्या पोटात एक ‘इन’ पेटायला टपलेला आणि दुसरा त्याला दाबून बसलेला. पुढची फसगत मराठीतून होते. ‘निष्क्रिय वायू’ म्हटलं की तो निरुपद्रवी वाटतो. वास नाही, रंग नाही, एरवी आपण श्वासात घेतो त्या हवेतही तो 78 टक्के आहेच. पण नायट्रोजनने भरलेल्या टाकीत कोणी डोकं घातलं तर दोन-तीन श्वासांत शुद्ध हरपते. गुदमरल्याची जाणीवही होत नाही, कारण ती जाणीव शरीराला मुख्यतः साठलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे होते, प्राणवायू संपल्यामुळे नव्हे. मग आत कोसळलेल्याला काढायला दुसरा उतरतो, त्याच्या मागे तिसरा. आत उतरण्याआधी मीटरने प्राणवायू मोजायचा असतो, आणि तो 19.5 टक्क्यांच्या खाली असेल तर उतरायचं नसतं. ‘निष्क्रिय’ हा शब्द हे काहीच सांगत नाही.

शब्द खोटं बोलत नाही. तो अर्धंच बोलतो.

मराठीतही टँकरवर दोन शब्द दिसतात, ‘ज्वालाग्राही’ आणि ‘ज्वलनशील’. बोलताना आपण ते सरमिसळ वापरतो. मला यातला ‘ज्वालाग्राही’ मनापासून आवडतो. ज्वाला ग्रहण करणारा. साध्या मराठीत ‘पेट घेणारा’. ‘पेट घेणं’ या वाक्प्रयोगात जे ‘घेणं’ आहे तेच ‘ग्राही’मध्ये आहे, त्यामुळे हा शब्द अवघड असूनही बुचकळ्यात टाकत नाही. ‘ज्वलनशील’ जरा सैल. लाकूडही ज्वलनशील आहे, कापूसही, डिझेलही. पेट्रोल त्यांच्या पंक्तीला बसणारं नाही. फरक ठरतो फ्लॅश पॉइंटवर. द्रव हळूहळू तापवत त्याच्यावरून छोटी ज्योत फिरवायची. ज्या तापमानाला वाफ पहिल्यांदा भप्पकन पेटून विझते तो त्याचा फ्लॅश पॉइंट. आपल्या पेट्रोलियम कायद्यात त्यावरूनच वर्ग पाडले आहेत. 23 अंश सेल्सिअसच्या खाली ‘अ’, 23 ते 65 च्या आत ‘ब’, 65 ते 93 च्या आत ‘क’. पेट्रोलचा फ्लॅश पॉइंट उणे 40 च्या आसपास, म्हणजे हिमालयातही ते पेट घ्यायला तयार. टोल्युइनचा 4, मिथेनॉलचा 11-12. रॉकेलचा पस्तीसच्या पुढे, म्हणून स्टोव्ह पेटवताना आधी काकडा किंवा स्पिरिट लागायचं. पण मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली पारा चाळीस गाठतो, आणि कागदावर ‘ब’ वर्गात बसलेला माल दुपारी तीन वाजता ‘अ’सारखा वागू लागतो. पाटी तीच, शब्द तोच, उन्हाने अर्थ बदललेला.

एकच शब्द दोन अर्थांनी कसा जाळतो, हे ज्याने फार नेमकं टिपलं तो माणूस भाषेचा अभ्यासक होता आणि पोटासाठी आगीच्या विम्याचं काम करत होता. बेंजामिन ली व्होर्फ. अमेरिकेतल्या एका विमा कंपनीसाठी तो कारखान्यांना लागलेल्या आगींची कारणं तपासायचा. त्याच्या लक्षात आलं, की पेट्रोलने भरलेल्या ड्रमांजवळ माणसं जपून वागतात आणि ‘रिकाम्या’ ड्रमांजवळ बिनधास्त विड्या ओढतात. वास्तविक धोका रिकाम्याला जास्त. भरलेल्या ड्रममध्ये वर थोडीच जागा असते आणि तिथली वाफ इतकी दाट, की तिला जळायला हवा पुरत नाही. पेट्रोलची वाफ हवेत साधारण 1.4 ते 7.6 टक्के असेल तेव्हाच पेटते. 200 लिटरच्या ड्रममध्ये एवढी वाफ व्हायला तळाशी चहाचे चार चमचे पेट्रोल पुरतं. ते चार चमचे ज्याच्यात राहिलेत त्या ड्रमला आपण रिकामाच म्हणतो. भंगारात आलेले ड्रम गॅस-कटरने कापताना स्फोट होतात ते याच शब्दामुळे. कापण्याआधी ड्रम पाण्याच्या वाफेने नीट धुवायचा, किंवा कापायच्या जागेपर्यंत पाण्याने भरून घ्यायचा, आणि मग मीटर आत घालून पेट्रोलची वाफ उरली नाही याची खात्री करायची. नुसतं तोंड उघडून उन्हात वाळवणं पुरेसं नसतं; चिकट गाळ उरलेला असतो आणि कटरच्या उष्णतेने त्याचीच पुन्हा वाफ होते.

‘फ्लेमेबल’ आणि ‘इनफ्लेमेबल’ दिसायला उलटे पण अर्थाने एक. रसायनांच्या दुनियेत याच्या बरोबर उलट जोड्याही भरपूर आहेत. डोळ्याला एकच वाटणाऱ्या, आणि त्यांत जीवन-मरणाचं अंतर. ‘इथेनॉल’ आणि ‘मिथेनॉल’ यांच्यात इंग्रजीत एका ‘एम’चा फरक. दोन्ही पाण्यासारखे स्वच्छ, दोन्हींना जवळजवळ सारखाच वास, दोन्हींची ज्योत फिकट निळी. मिथेनॉलची तर दिवसा उजेडी दिसतही नाही. एकात कार्बनचे दोन अणू, दुसऱ्यात एक. इथेनॉल म्हणजे दारूतलं अल्कोहोल, उसाच्या मळीपासून होणारं, आता पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत मिसळलं जाणारं. मिथेनॉल ही कारखान्याची वस्तू. रंग, गोंद, औषधं बनवताना लागणारी. ते पोटात गेलं की यकृतात त्याचं आधी फॉर्माल्डिहाइड होतं आणि मग फॉर्मिक आम्ल, तेच जे मुंगीच्या दंशात असतं. हे आम्ल डोळ्यांच्या नसेवर घाला घालतं. शुद्ध मिथेनॉलच्या दोन चमच्यांनी, म्हणजे सुमारे 10 मिलिलिटरने, कायमचं आंधळेपण येऊ शकतं. 30 मिलिलिटरने जीव जाऊ शकतो. सुरुवातीला नेहमीची नशा चढल्यासारखं वाटतं. मग बारा-चोवीस तास फारसं काही होत नाही, आणि त्या अवधीतच वेळ हातचा जातो. दुसऱ्या दिवशी डोळ्यांपुढे पांढरं धुकं येतं. मुंबईत मालवणीला 2015 च्या जूनमध्ये शंभराहून अधिक माणसं अशीच गेली. गुत्त्यावर मिळणाऱ्या दारूच्या पिशवीवर कसलीच पाटी नसते, त्यामुळे तिथे शब्द वाचायचा प्रश्नच आला नाही. पण कुठल्या तरी ड्रमवर, कुठल्या तरी चलनावर तो ‘एम’ कधीतरी लिहिलेला होताच.

या दोन नावांच्या मुळाशी गेलं की मन थबकतं. लाकूड बंद भांड्यात तापवून मिथेनॉल मिळवत, म्हणून 1834 साली द्युमा आणि पेलिगो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी ग्रीक शब्द जोडून त्याच्यातल्या अणुगटाला नाव दिलं: ‘मेथी’ म्हणजे मद्य, ‘हिले’ म्हणजे लाकूड. ते ग्रीक ‘मेथी’ आणि आपलं ‘मधु’ एकाच मुळातून आलेले शब्द आहेत. इथेनॉलमधल्या ‘इथाइल’ या अणुगटाचं नाव ‘ईथर’वरून, आणि ईथर ज्या ग्रीक धातूवरून आला त्याचा अर्थ ‘जळणं’. त्याचे संस्कृतातले नातेवाईक ‘इंधन’ आणि ‘समिधा’. म्हणजे पिण्याच्या द्रव्याच्या नावात इंधन आणि विषाच्या नावात मध. नावं ठेवणाऱ्यांचा यात दोष नाही, त्यांच्यापुढे दुसरे प्रश्न होते. गंमत अशी, की मिथेनॉल प्यायलेल्या माणसावरचा जुना उतारा इथेनॉल हाच आहे. यकृतातलं विकर (एन्झाइम) दोन्ही समोर आली तर आधी इथेनॉल उचलतं. तेवढ्या वेळात मिथेनॉल न मोडता श्वासातून, लघवीतून, नाहीतर डायलिसिसने बाहेर काढता येतं. हे रुग्णालयातच, रक्त तपासत, मोजून द्यायचं असतं. त्याच कामासाठी फोमेपिझोल नावाचं औषधही आहे.

‘सल्फाइड’ आणि ‘सल्फेट’ यांची गोष्ट थोडक्यात सांगण्यासारखी. ‘एट’ म्हणजे प्राणवायू भरपूर, ‘आइट’ म्हणजे थोडा कमी, ‘आइड’ म्हणजे मुळीच नाही, ही शिस्त 1787 साली फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए आणि त्याच्या सहकाऱ्यांनी बसवायला घेतली. सुरेख व्यवस्था आहे. पण गोणीवरचं ओलं, पुसट अक्षर वाचताना ती शेवटची मात्रा पहिल्यांदा नाहीशी होते. सोडियम सल्फेटवर आम्ल पडलं तर काही बिघडत नाही. सोडियम सल्फाइडवर पडलं तर हायड्रोजन सल्फाइड सुटतो, सडक्या अंड्याच्या वासाचा. हा वास हवेत अगदी लेशमात्र असला तरी येतो, आणि वायू वाढला, दहा लाखांत शंभर भागांच्या पुढे गेला, की काही मिनिटांत नाक बधिर होतं. वास थांबला म्हणून माणूस निर्धास्त होतो. सल्फेट पांढऱ्या मिठासारखं असतं, सल्फाइडचे पिवळट ते तांबूस पापुद्रे असतात. गोदामात जुने हात गोणी फोडल्यावर आधी रंग बघतात आणि मग अक्षर, आणि मला ते अगदी बरोबर वाटतं.

धोकादायक माल नेणाऱ्या ड्रायव्हरला आपल्या राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतली एक भाषा आणि इंग्रजी लिहिता-वाचता आलं पाहिजे, असं केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नववा नियम सांगतो. क्लीनरसाठी तसं काही नाही. रस्त्यावरच्या माणसासाठी तर नाहीच. म्हणून टँकरवर शब्दाखेरीज आणखी काही लिहिलेलं असतं, आणि ते वाचायला कुठलाच ‘इन’ आड येत नाही. एका टोकावर उभा केलेला चौकोन: लाल, त्यात ज्योत, तळाशी 3, म्हणजे पेट घेणारा द्रव. हिरवा, त्यात सिलिंडर, म्हणजे न पेटणारा वायू. पांढरा, त्यात कवटी, म्हणजे विष. पिवळा, वर्तुळावर ज्योत, म्हणजे स्वतः न जळता दुसऱ्याची आग भडकवणारं. शेजारी चार आकडे. 1203 म्हणजे पेट्रोल, 1075 म्हणजे एलपीजी, 1017 क्लोरीन, 1830 सल्फ्युरिक आम्ल. 1170 इथेनॉल, 1230 मिथेनॉल. इथे एका ‘एम’वर कुणाला विसंबावं लागत नाही. टँकर गळताना दिसला तर वारा ज्या बाजूने येतोय त्या बाजूला सरकायचं, विडी-काडी आणि गाडीची किल्ली दोन्हींना हात लावायचा नाही, आणि लांबूनच ते चार आकडे वाचून अग्निशमन दलाला सांगायचे. मालाचं नाव सांगता आलं नाही तरी चालतं.

त्या दिवशी रबाळ्याला टँकर वळताना मागची पाटी क्षणभर समोर आली होती. लाल चौकोन अर्धा दिसत होता, ज्योतीचा शेंडा तेवढा. त्याला लागून एक पांढरा चौकोन, कवटीच्या जागी चिखलाचा थर. आकड्यांपैकी 1 आणि 2 स्पष्ट होते, पुढचे दोन चाकांच्या फवाऱ्याखाली गेलेले. आजीने विचारलेल्या प्रश्नाचं खरं उत्तर त्या पाटीवर होतं, आणि ज्योतीचं चित्र पाहून आजीलाही ते स्वतःच देता आलं असतं. पाण्याच्या बाटलीतलं घोटभर पाणी आणि एक फडकं, एवढंच काम होतं ते.